खरातबाई आणि हवेवरची गाडी

खरातबाईंच्या घरात लाल नेलपॉलिशची एक बाटली होती, आणि तिच्यातला रंग त्यांच्या नखाला लागलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मिक्सर दुरुस्तीला जाणार असला की त्याच्या मोटरीवर, आतल्या बाजूला, एक ठिपका. इस्त्री, टेबलफॅन, कुकरची शिट्टी, नवऱ्याचं मनगटी घड्याळ, सगळ्यांवर एकेक ठिपका. वस्तू परत आली की बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन ती उघडायच्या आणि ठिपका जागेवर आहे का ते बघायच्या. बहुतेक वेळा असायचा. तरी त्यांचं समाधान होत नसे. "ठिपका त्याला दिसला असंल," असं म्हणून त्या वस्तू पुन्हा बंद करायच्या.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. बदनापूरहून रोज सकाळी रेल्वेने यायचो. बियाण्याची उगवण तपासणं हे आमचं काम. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि किती उगवलं ते मोजायचं. मी मोजलं की बाई मोजायच्या, आणि दोघांचे आकडे जुळले की त्यांना जास्तच शंका यायची.

"तू माझा आकडा बघून लिहिला न्हाईस, कशावरून?"

कशावरून हा त्यांचा शब्द. तो त्या चिडून कधी म्हणत नसत. किती वाजले असं विचारावं तितक्या शांतपणे विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत चष्मा पुसत बसायच्या. एकदा कंपनीचे मालक एका व्यापाऱ्याला घेऊन प्रयोगशाळेत आले आणि टेबलावरच्या नमुन्याकडे बोट दाखवून म्हणाले, की हा लॉट एक नंबर आहे. बाईंनी त्यांनाही तेच विचारलं. मालक हसले. व्यापारी हसला नाही. तो लॉट पुढं पंधरवडाभर गोदामातून हलला नाही.

ऑफिसात एक गोष्ट सांगितली जायची, की बाई नव्या असताना त्यांनी कुणाच्या तरी शब्दावर एक लॉट पास केला होता, तो शेतात उगवलाच नाही आणि तेव्हापासून त्या अशा झाल्या. त्यांचे यजमान दिगंबरराव यांना मी एकदा याबद्दल विचारलं. ते खूप वेळ हसत राहिले.

"कशाचा लॉट अन् कशाचं काय. ती पहिल्यापासून अशीच हाय. मी बघायला गेल्तो, तर हिनं माझी दहावीची मार्कशीट मागितली. आमच्याकडचे सगळे गप. मी दुसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन मार्कशीट देऊन आलो."

"मंग?"

"मंग काय. म्हणली, ही झेरॉक्स हाय, खरी आणा."

दिगंबरराव बरोबर उलट्या स्वभावाचे. आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. रस्त्यात कुणीही हात केला की गाडी थांबवायची, कुठं जायचं ते न विचारता मागचं दार उघडायचं. आणि गाडीही कुणाच्या नजरेतून सुटणार नाही अशी. एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या शेडमध्ये ती जुनी अमेरिकन गाडी वर्षानुवर्षं उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. दिगंबररावांनी ती ओढून आणली आणि आपल्या सगळ्या सुट्ट्या तिच्याखाली आडवं पडून घालवल्या. फिकट हिरवा रंग, मागं माशाच्या परांसारखे दोन पंख, पुढची सीट दिवाणासारखी एकसंध. जालन्यात तिला कुणी नावानं ओळखत नव्हतं. सगळे नुसतं अमेरिकन म्हणायचे. दर रविवारी ती अमेरिकन वडीगोद्रीजवळच्या त्यांच्या मोसंबीच्या बागेत जायची. बाग दिगंबररावांचा धाकटा भाऊ विठ्ठल बघायचा.

मग दिगंबररावांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पायातली ताकद गेली. घरातल्या घरात चाकाची खुर्ची. डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का बसता कामा नये. नव्या छोट्या गाड्यांत त्यांना वाकून शिरता येईना. अमेरिकनचं दार मोठं, सीट ऐसपैस, पण ती उंच, आणि तिच्या जुन्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा अशा कडक की रस्त्यातला खडा थेट पाठीला लागायचा. कुणीतरी ॲम्ब्युलन्स सुचवली. "माझ्याच मळ्यात मी आडवा होऊन जाणार न्हाई," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला, आणि बागेत जाणं बंद झालं ते झालंच.

एके दिवशी त्यांनी बाईंना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या कुणा माणसाची अशीच जुनी गाडी, बटण दाबलं की म्हशीसारखी खाली बसायची आणि पुन्हा दाबलं की उठायची. स्प्रिंगा काढून त्या जागी रबराचे फुगे बसवलेले. फुग्यांत हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. चालताना सगळे धक्के हवा खाते. दिगंबरराव म्हणाले की खुर्चीतून सरकून आत बसता येईल आणि पाठीलाही लागणार नाही. बाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि सांगितलं की हे खोटं आहे, कॉम्प्युटरवर करतात असं. दिगंबररावांनी वाद घातला नाही.

चार-सहा दिवसांनी जेवताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, की विठ्ठल हल्ली व्हिडिओ कॉल घेत नाही. रेंज नाही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेत आल्या त्याच मुळी हा प्रश्न घेऊन. बागेतली रेंज अशी एकाएकी कशी जाते? मी म्हणालो, टॉवर बंद असेल. त्यांनी चष्मा पुसला. दुपारपर्यंत त्यांनी वडीगोद्रीच्या एका खतविक्रेत्याला फोन करून, त्याला विठ्ठलच्या बांधापर्यंत पाठवून, तिथं रेंज व्यवस्थित असल्याची खात्री करून घेतली होती. खतविक्रेत्याला त्यांनी बागेबद्दल काहीच विचारलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "विठ्ठल त्याचं जुनं गिऱ्हाईक. तो खरं सांगंल कशावरून?"

बाई एकट्या एसटीनं जाऊ शकल्या असत्या. पण दिगंबरराव म्हणाले, की विठ्ठल तुला बांधालगतची चार झाडं दाखवील, चहा पाजील आणि परत पाठवील. झाडं ओळखतो तो मी. हे बाईंना पटलं. बी त्यांना कळायचं, झाड नाही, हे त्या मान्य करायच्या. त्याच संध्याकाळी त्यांनी निर्णय सांगितला: गाडी करून घ्यायची.

काम हमीदभाईंकडे द्यायचं ठरलं. अंबड रोडला त्यांचं गॅरेज. मोठ्या लक्झरी बसच्या खाली हवेचे फुगे असतात, ते बदलण्यात त्यांची हयात गेलेली. ते दिगंबररावांचे जुने विद्यार्थी, सरांसाठी जीव टाकणारे. बाईंना हीच गोष्ट खटकली. "तुम्ही त्याला कधी नापास केलं होतं का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. केलं होतं, एकदा. मग बाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की सुटीच्या दिवशी गॅरेजवर यायचं.

"मला गाडीतलं काही कळत न्हाई, मॅडम."

"तुला कळायची गरज न्हाई. कुणीतरी बघून राह्यलं एवढं त्याला दिसलं पाहिजे."

अशा रीतीनं मी त्या कामाचा साक्षीदार झालो. हमीदभाईंनी मला एक स्टूल दिलं. मी त्यावर बसायचो, आणि बाई उभ्या.

पुण्याहून फुगे आले. बाईंनी रबराचा वास घेतला, ते कधी बनलेत ते बघितलं, आणि पाण्याच्या टाकीत बुडवून रात्रभर ठेवायला लावले. एका जोडीतून सकाळी बुडबुडे येताना दिसले. ती जोडी परत गेली आणि बाईंचा चेहरा दिवसभर प्रसन्न होता. आरटीओत हे चालेल का, हे त्या स्वतः जाऊन विचारून आल्या. चालेल म्हणाले, तर तसं लेखी मागितलं. हमीदभाई हे सगळं हसून घेत होते. मागच्या पोलादी पाट्या त्यांनी काढल्या, त्या जागी लोखंडी दांडे आणि फुग्यांच्या बैठकी वेल्डिंग केल्या. सर मधूनच फोन करायचे आणि हमीदभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून त्यांना एकेक गोष्ट सांगायचे, शाळेतल्या पोरासारखी.

आणि मग, बाई आल्या नव्हत्या त्या रविवारी, हमीदभाईंना ठिपके सापडले.

पहिला कार्बोरेटरच्या बुडाला होता. त्यांना वाटलं, जुन्या मालकानं केलेली खूण असेल. मग डायनामोवर, मग चाकांच्या टोप्यांच्या आत, मग काढून ठेवलेल्या पाट्यांवरसुद्धा. त्यांनी कपड्यानं पुसून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं की हे काय आहे. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की ही बाईंची खूण. त्यांनी हात धुतले, कंप्रेसरचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "सरांना सलाम सांगा. गाडी उचलून न्या."

बाईंना हे मीच जाऊन सांगितलं. त्या स्वयंपाकघरात होत्या, दिगंबरराव दारात खुर्चीवर. ते पहिल्यांदाच बायकोवर रागावलेले मी पाहिले. ओरडले नाहीत. नुसती खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि मला म्हणाल्या, चल.

हमीदभाईंचं घर गॅरेजच्या मागच्याच गल्लीत. त्यांच्या बायकोनं आम्हाला बसवलं. हमीदभाई समोर येऊन बसले, पण नजर जमिनीवर. बाईंनी माफी मागितली नाही. त्यांना ती मागता येत नव्हती असं मला वाटतं, जसं काहींना पोहता येत नाही. त्या म्हणाल्या, "हमीदभाई, मी तुमच्यावर संशय घेतला, हे खरं हाय. पण तुमच्यावर एकट्यावर न्हाई. माझ्या सख्ख्या भावानं घड्याळ दुरुस्त करून आणलं, त्याच्यावर पण ठिपका होता. मला दुसरं काही येतच न्हाई."

हमीदभाईंनी अंगठ्यानं नखातलं वंगण काढायला घेतलं. त्यांच्या बायकोला आतल्या आत हसू येत होतं. ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"निशाणी लावायची तं माझ्यासमोर लावा, म्याडम," शेवटी ते म्हणाले. "चोरून न्हाई. मंग मला बिलकुल राग न्हाई."

पुढच्या रविवारपासून हमीदभाई एकेक सुटा भाग काढून बाईंपुढे धरायचे आणि बाई त्यावर ठिपका द्यायच्या. दोघंही हे इतक्या गांभीर्यानं करायचे की बघणाऱ्याला हा दुरुस्तीचाच एक भाग वाटावा.

फुगे बसले, नळ्या जोडल्या, डिकीत हवेची टाकी आली. पहिल्यांदा हवा भरली तेव्हा अमेरिकन हळूहळू वर उठली, आधी मागून, मग पुढून, आणि आजूबाजूच्या गॅरेजांतली माणसं बघायला गोळा झाली. आता खालून साबणाचं पाणी लावून कुठं हवा निसटते का ते बघायचं होतं. हमीदभाई फळी टाकून गाडीखाली सरकायला निघाले तर बाईंनी वाट अडवली. आधी ठोकळे लावा, म्हणाल्या. बाभळीचे चार जाड ठोकळे त्यांनी वखारीतून आणून ठेवलेच होते. हमीदभाईंना हे फार झालं. लोक बघत होते. त्यांनी समजावून सांगितलं, की बसखाली ते रोज असेच शिरतात, टाकीत पूर्ण प्रेशर आहे, काट्याकडे बघा.

"काटा खरा हाय, कशावरून?"

"म्याडम, हवा भरलेली हाय. जाती कुठं?"

"तुला दिसून राह्यली का ती हवा? मंग लाव ठोकळे."

बाई हमीदभाईंना कधी एकेरी बोलत नसत. हमीदभाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत चारही ठोकळे गाडीच्या सांगाड्याखाली सरकवले आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन खाली गेले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी स्टुलावर होतो. मागच्या बाजूनं बंदुकीसारखा आवाज झाला, आणि गाडी बसली. एक नळी जोडातून सुटली होती. सगळं लोखंड बाभळीवर आदळलं, एक ठोकळा उभा चिरला, आणि गाडी थांबली.

हमीदभाईंना आम्ही पाय धरून बाहेर ओढलं. त्यांच्या शर्टाच्या बटणांवर वंगणाचा पट्टा उमटला होता, छातीच्या बरोबर मधोमध. लागलं कुठंच नव्हतं. ते बसले, उठले, पुन्हा बसले. बाईंनी एवढंच विचारलं की कोणता जोड होता. हमीदभाईंनी बोटानं दाखवला. मग बाई बाहेरच्या नळावर गेल्या आणि तोंड धुवायला लागल्या. पुष्कळ वेळ धूत होत्या. मी टॉवेल घेऊन गेलो तर त्यांनी मला हातानंच लांब थांबायला सांगितलं.

यानंतर हमीदभाईंच्या गॅरेजात बसखालीसुद्धा ठोकळ्यांशिवाय कुणी शिरत नाही, असं ऐकून आहे.

जोड बदलले, नळ्या बदलल्या, आणि थंडी सुरू होताना एका सकाळी आम्ही निघालो. हमीदभाई गाडीवर, त्यांच्या शेजारी मी, मागं दिगंबरराव आणि बाई. बटण दाबल्यावर गाडी खाली बसली, आणि दिगंबरराव खुर्चीतून सीटवर सरकले तेव्हा त्यांना कुणी हात लावावा लागला नाही. अंबड मागं पडलं तरी त्यांचा चेहरा पांढरा झाला नव्हता. बाई त्यांच्या पाठीमागं हात घालून बसल्या होत्या, दर गतिरोधकाला त्यांच्याकडे बघायच्या. आणि मधेमधे मला विठ्ठलबद्दल सांगायच्या. गेल्या हंगामात त्यानं पेटी पाठवली ती मोसंबी बागेतली नव्हती, साल पातळ होती. त्याच्या बोलण्यात अलीकडे फार आदर आला आहे. त्यांच्या मते आदर वाढला की काहीतरी बिघडलेलं असतं.

हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागल्यावर हमीदभाईंनी गाडी पूर्ण वर उचलली आणि ती चाकोऱ्यांवरून बैलाच्या चालीनं बांधापर्यंत गेली.

बाग नव्हती. जिथं उंच हिरव्या रांगा असायच्या तिथं उघडी काळी जमीन होती, आणि तिच्यात काठ्यांना बांधलेली गुडघ्याएवढी रोपं. एका कडेला जुन्या खोडांचा ढीग. विठ्ठल विहिरीकडून पळत आला आणि गाडीजवळ येऊन थबकला. बाई उतरल्या. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग विठ्ठलकडे. मला वाटलं आता स्फोट होणार, इतक्या महिन्यांचा साठलेला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून दिगंबरराव बोलले. "त्याला काही बोलू नको, सिंधू. मला ठाऊक हाय. विहीर आटली तवाच त्यानं सांगितलं होतं. जुनी झाडं वाळली. मीच म्हणलं, तोड अन् नवी लाव."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"मंग तो कॉल का घेईना?"

"मीच म्हणलं होतं, घेऊ नको."

बाई गाडीच्या उघड्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून त्यांचा नेहमीचा शब्द येईना. दिगंबररावांनी त्यांचा हात धरला. "तुला संशय आला नसता तर तू मला घराबाहेर काढलं असतंस का? डॉक्टर एक म्हणला, तू दहा म्हणलीस. दुसरा काही इलाज मला सुचला न्हाई."

हमीदभाई समोरच्या काचेतून लांब कुठंतरी बघत होते. मीही तेच केलं.

बाईंनी हात सोडवून घेतला. त्या रोपांमध्ये शिरल्या. पहिल्या रोपाशी वाकून त्यांनी खोडाची साल नखानं जराशी खरवडली आणि खाली हिरवं आहे का ते बघितलं. मग दुसरं रोप, मग तिसरं. विठ्ठल मान खाली घालून त्यांच्या मागं चालत होता. एका ठिकाणी त्या थांबल्या, वाळलेलं रोप उपटून त्याच्या हातात दिलं आणि काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं. त्या पुढं गेल्या. असं ऊन उतरेपर्यंत चाललं. हमीदभाईंनी तोवर गाडी खाली बसवली होती, आणि दिगंबरराव दार उघडं टाकून, पाय मातीवर टेकवून बसले होते. त्यांना त्या पायांत काही जाणवत नव्हतं. तरी ते अधूनमधून खाली बघायचे.

त्यानंतर मी परभणीला दुसरी नोकरी धरली. पुढच्या हिवाळ्यात दिगंबरराव गेल्याचं हमीदभाईंनी फोनवर कळवलं. मी भेटून आलो, पण त्या गर्दीतल्या बाई मला नीट आठवत नाहीत. आठवतात त्या, बागेवरून परत निघतानाच्या.

पावसात पुन्हा भरलेल्या विहिरीचं पाणी विठ्ठलनं मधल्या वेळात रोपांना सोडलं होतं आणि ते रस्त्यावर आलं होतं. चिखल वरवरचा आहे, गाडी आरामात निघेल, असं तो म्हणाला. बाई गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी साडी जराशी वर खोचली, चप्पल काढून हातात घेतली आणि गाडीच्या पुढं चालायला लागल्या. प्रत्येक पावलाला जमीन दाबून बघायची, घट्ट लागली की मागं न बघता हातानं खूण करायची, मग पुढचं पाऊल. हमीदभाईंनी गाडी वर उचलली आणि त्यांच्या मागं त्यांच्याच चालीनं नेली. त्या रुंद काचेतून बाईंची पाठ तेवढी दिसत होती. मागच्या सीटवर दिगंबरराव खिडकीला डोकं टेकवून हसत होते.

"घाई करू नको, हमीद," ते म्हणाले. "ती म्हणंल तिथनंच घे."